विंडोजवरून मॅकवर जाताना: आधी मराठी फाइली, मग मशीन

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नियमित सुरक्षा-अपडेट बंद झाली. घरातले २०१६-१७चे डेस्कटॉप अजून बरे चालतात, पण इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही. नवं मशीन घ्यायचंच आहे तर मग मॅकच का घेऊ नये, असा प्रश्न कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत आज आहे. मॅक चांगलं मशीन आहे. मात्र त्यावर जाताना जे बिघडतं ते बहुतेक वेळा मॅकमुळे बिघडत नाही. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर, फक्त विंडोजवर चालणारी सॉफ्टवेअर आणि कुठे ठेवल्यात हेच विसरलेल्या फाइली, नुकसान होतं ते या तीन गोष्टींत. या तिन्हींची सोय जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवरच नीट लागते. म्हणून खरेदीचा दिवस पुढे ढकला आणि आधीचे दोन आठवडे जुन्या मशीनसमोर घालवा.

मॅक कोणी घेऊ नये

शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात काम करणारे जे घरी बसून कास्टिंगचे पॅटर्न किंवा डाय डिझाइन करतात, त्यांनी विंडोजवरच राहावं. सॉलिडवर्क्स मॅकवर नाही. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, पण ती विंडोजच्या आवृत्तीसारखी भरगच्च नाही, आणि सीएनसीसाठी लागणारी बरीचशी कॅम सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाहीत.

टॅली वापरणाऱ्यांनीही थांबून विचार करावा. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे, त्याची मॅक आवृत्ती नाही. पूर्वी इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प वापरून विंडोज टाकता यायचं. नोव्हेंबर २०२०पासून अॅपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक येऊ लागले आणि त्यांच्यावर बूट कॅम्पच नाही. उरतात दोन मार्ग. एक, पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर घेऊन मॅकच्या आतच विंडोज ११ची एआरएम (अॅपलच्या चिपवर चालणारी) आवृत्ती चालवायची. यात पॅरलल्सची वर्गणी आणि विंडोजचं लायसन्स असा दुहेरी खर्च येतो, शिवाय १६ जीबीपेक्षा कमी रॅमवर काम रखडतं. दुसरा, जुना पीसी टेबलाखाली ठेवून त्यावर फक्त टॅली चालवायची. लक्ष्मीपुरीतल्या किंवा मार्केट यार्डातल्या ज्या व्यापाऱ्यांना घरी महिन्यातून चार दिवसच हिशेब बघायचा असतो, त्यांना दुसरा मार्ग स्वस्त पडतो आणि त्यात डोकेदुखीही कमी. रोज टॅलीवर बसणाऱ्यांनी सरळ विंडोज ११चा नवा पीसी घ्यावा.

तिसरी अडचण डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनची. जीएसटीत कंपनी आणि एलएलपीला याच सहीची गरज पडते. मालकी हक्काचा धंदा असेल तर मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर काम भागतं. टोकनसाठी मॅकचा ड्रायव्हर आहे का आणि ज्या पोर्टलवर तुम्ही सही करता ते मॅकवरून सही घेतं का, हे टोकन देणाऱ्याला खरेदीआधी विचारा. ‘होईल की’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. कुणाच्या तरी मॅकवर टोकन लावून एक खरी सही करून बघा.

यातलं काहीच लागू नसेल, म्हणजे घरात इंटरनेट, ऑफिसचे दस्तऐवज, फोटो, मुलांचा अभ्यास, ऑनलाइन बैठका आणि मराठी लेखन एवढंच काम असेल, तर मॅक बिनधास्त घ्या. एक्सेलमध्ये मॅक्रो असतील तर त्या फाइली मात्र आधी मॅकवर उघडून बघा. साधे मॅक्रो चालतात, अॅक्टिव्हएक्सची बटणं टाकलेले फॉर्म चालत नाहीत. अॅक्सेस आणि पब्लिशर तर मॅकवर कधी आलेच नाहीत.

वहीत यादी करा

एक वही जुन्या कॉम्प्युटरशेजारी ठेवा आणि दोन आठवडे जे जे सॉफ्टवेअर उघडाल त्याचं नाव लिहीत जा. एका बैठकीत आठवून केलेल्या यादीत महिन्यातून एकदा लागणारं सॉफ्टवेअर हमखास सुटतं. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: मॅकवर आहे का, त्याची फाइल कुठे साठते, आणि लायसन्सचा नंबर किंवा लॉगिन कोणाच्या ईमेलवर आहे. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. लायसन्स सहा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर घेतलेलं निघालं, तर त्याला गाठायला वेळ लागतो.

मराठी मजकूर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

कोल्हापुरात लग्नपत्रिका, देवस्थानची पावतीपुस्तकं, सोसायटीचे अहवाल, तालमीच्या जाहिराती आणि खरेदीखतांचे मसुदे वर्षानुवर्षं श्री-लिपी, आयएसएम, शिवाजी, किरण, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप झाले आहेत. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, तिच्या आधीच्या या फॉन्टांत कॉम्प्युटरच्या लेखी मराठी असं काही नसतंच. फाइलमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरं आणि खुणा. फॉन्ट त्यांच्या जागी ‘क’चा किंवा ‘मा’चा आकार काढतो, एवढंच. फॉन्ट गेला की मजकूर गेला. मॅकवर अशी फाइल उघडली की पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा दिसतो.

फॉन्टची टीटीएफ फाइल मॅकच्या फॉन्ट बुकमध्ये टाकली तर काही वेळा अक्षरं दिसू लागतात. हा तात्पुरता इलाज. त्याने शोधता येत नाही, मोबाइलवर पाठवता येत नाही आणि पुढच्या माणसाकडे तो फॉन्ट नसतो. कायमचा इलाज युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचा, आणि तो जुन्या विंडोजवरच करायचा. तुमच्या लिपी पॅकेजमध्येच रूपांतराची सोय आहे का ते आधी बघा, कारण त्याच फॉन्टसाठी केलेलं रूपांतर बाहेरच्या कन्व्हर्टरपेक्षा सहसा चांगलं उतरतं. पॅकेजला डोंगल (कॉम्प्युटरला लावायची लायसन्सची चावी) लागत असेल तर तो सापडतोय तोवरच हे काम उरकून घ्या. इंटरनेटवरचे फुकट कन्व्हर्टर देवस्थानच्या जाहिरातीला ठीक. मृत्युपत्र, वाटणीपत्र, आजारपणाचे कागद त्यांत टाकू नका.

रूपांतरानंतर मजकूर तपासावाच लागतो, आणि चुका ठरावीक जागीच होतात. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. कन्व्हर्टरने ती जोडाक्षराच्या पलीकडे नेली नाही तर ‘स्थिती’चं ‘स्िथती’ होतं. रफाराचं नेमकं उलटं. जुन्या फॉन्टांत रफार अक्षर पूर्ण झाल्यावर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये तो आधी यावा लागतो. तो जागेवर सरकला नाही की ‘कार्यालय’चं ‘कायार्लय’, ‘वर्षा’चं ‘वषार्’ आणि ‘मार्ग’चं ‘मागर्’ होतं. हे चुकलेले शब्द अनेक सरकारी कागदांतही दिसतात, ते याच कारणाने. शोधपट्टीत ‘र्’ टाकून एकेक जागा बघा. ‘कार्य’, ‘मार्ग’ असे बरोबर शब्दही त्यात येतील, पण डोळ्याला चूक लगेच कळते. मग हलंतानंतर लगेच आलेली वेलांटी शोधा. बहुतेक चुका या दोन शोधांतच पकडल्या जातात.

तिसरी जागा खास मराठीची, आणि हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेले कन्व्हर्टर तिथे हमखास घसरतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत तर गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक. ‘पुजाऱ्यांचे मानधन’, ‘शेतकऱ्यांना सूचना’, ‘कर्मचाऱ्यांची यादी’ अशा ओळी असलेल्या फाइली नीट वाचून काढा. इन्स्क्रिप्ट या प्रमाण देवनागरी कळफलकावर हा ‘ऱ्य’ काढायला शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य.

पेजमेकरमध्ये केलेली पुस्तकं किंवा अंक असतील तर मॅकवर ते सॉफ्टवेअर चालणार नाही. प्रत्येक अंकाची पीडीएफ करून ठेवा, पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवायला विसरू नका, आणि मजकूर वेगळा बाहेर काढून युनिकोड करा. कोरलड्रॉची मात्र २०१९पासून मॅक आवृत्ती आहे. प्रत्येक जुनी फाइल बदलत बसायची गरज नाही. ज्याला पुन्हा हात लागणार आहे ते रूपांतरित करा, बाकी सगळ्याची पीडीएफ करा. मूळ फाइली आणि फॉन्ट मात्र एका फोल्डरात तसेच जपून ठेवा.

युनिकोडमध्येच लिहिलेल्या फाइलींचं काय? त्या मॅकवर नीट उघडतात, पण मंगल किंवा निर्मला हे विंडोजचे फॉन्ट तिथे नसले तर मॅक दुसरा फॉन्ट लावतो, ओळी पुढेमागे होतात आणि बारा पानांचा अहवाल तेरा पानांचा होतो. दोन्ही मशीनवर एकच मोफत फॉन्ट टाकून घेतला की हा त्रास मिटतो. ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट चांगला आहे. छापील मजकुराला तिरो देवनागरी मराठी उत्तम, कारण त्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मिळतो. नोव्हेंबर २०२२च्या शासन निर्णयाने मराठीसाठी हीच रूपं धरली आहेत. आपल्या अक्षराची ही वळणं टिकावीत असं वाटत असेल तर फॉन्ट निवडताना दोन मिनिटं जास्त द्या.

कॉपी करताना

एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्या आणि विंडोजवर ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएसची डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. फॅट ३२मध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं. त्याचा एकच दोष, लिहीत असताना डिस्क ओढून काढली किंवा लाइट गेली तर फाइली खराब होण्याची भीती जास्त. म्हणून कॉपी चालू असताना मशीन यूपीएसवर हवं आणि डिस्क काढताना दर वेळी ‘इजेक्ट’ करायला हवं.

आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. ड्राइव्हवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. चुका निघाल्या तर दुरुस्त होऊ द्या. डिस्क खरखर आवाज करत असेल तर मात्र तपासणीही करू नका. सगळ्यात मोलाच्या फाइली आधी उचला.

मग वनड्राइव्ह बघा. बऱ्याच विंडोज मशीनवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर मालकाच्या लक्षातही न येता वनड्राइव्हमध्ये गेलेले असतात. फाइलवर ढगाचं चिन्ह असेल तर ती तुमच्या डिस्कवर नाहीच, दिसतं ते फक्त नाव. त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि सगळीकडे भरीव हिरवी खूण येईपर्यंत थांबा. कॉपी त्यानंतर.

बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का, तेही तपासा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून वहीत लिहून ठेवा. बिटलॉकर लावलेली डिस्क थेट मॅकला जोडली तर मॅक ‘ही डिस्क वाचता येत नाही’ म्हणतो आणि ‘इनिशलाइज’ असं बटण पुढे करतो. ते दाबून पुढे गेलात की डिस्क पुसली जाण्याच्या वाटेला लागते. तिथे नेहमी ‘इजेक्ट’ किंवा ‘इग्नोर’.

काय काय उचलायचं? युजर फोल्डरातलं सगळं, डाउनलोड्ससकट. डी आणि ई ड्राइव्ह असतील तर ते पूर्ण. डीटीपी आणि हिशेबाची सॉफ्टवेअर कधी कधी स्वतःच्याच फोल्डरात फाइली ठेवतात, तेव्हा सी ड्राइव्हच्या मुळाशीही नजर टाका. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या: ऑल्ट आणि वाय दाबून डेटा, मग बॅकअप. थंडरबर्डमध्ये मेल असेल तर त्याचा प्रोफाइल फोल्डर उचला, तो मॅकवर जसाच्या तसा चालतो. क्रोममधले बुकमार्क आणि पासवर्ड, जुन्या मशीनवर सिंक चालू असेल तर, खात्यात लॉगिन केल्यावर आपोआप येतात. पासवर्डची फाइल काढून न्यायची असेल तर मॅकवर घेताक्षणी ती दोन्हीकडून आणि डिस्कवरून पुसा, कारण त्या फाइलमध्ये पासवर्ड उघडेच असतात.

विंडोजवरून मॅकवर माहिती नेण्यासाठी अॅपलचं मायग्रेशन असिस्टंट नावाचं मोफत साधन आहे. दोन्ही मशीन एका नेटवर्कवर ठेवून ते चालतं. पण सॉफ्टवेअर ते नेत नाही, आणि काय आलं, काय राहिलं याचा अंदाजही लागत नाही. घरच्या कॉम्प्युटरसाठी हाताने केलेली कॉपीच बरी. वेळेचं गणितही बघा. २०० जीबी घरातल्या मंद वायफायवर सेकंदाला ५ एमबीने नेले तर ११ तास. यूएसबी ३च्या हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० एमबी मिळाले तर जेमतेम ३५ मिनिटं, आणि हजारो बारीक फाइली असतील तर दोन-तीन तास. दुकान सोमवारी बंद असेल तर रविवारी रात्री कॉपी लावून झोपा.

कॉपी झाल्यावर मोजा. फोल्डरवर विंडोजमध्ये प्रॉपर्टीज आणि मॅकमध्ये ‘गेट इन्फो’ उघडलं की आकार दिसतो. इथे बरेच जण घाबरतात, कारण विंडोजमधले २०० जीबी मॅकवर सुमारे २१५ जीबी दिसतात. जास्त काही आलेलं नसतं. विंडोज १०२४च्या हिशेबाने मोजतं, मॅक १०००च्या, एवढाच फरक. जीबीचा आकडा सोडा आणि पूर्ण बाइट्सचा आकडा जुळतो का ते बघा. लपलेल्या फाइलींमुळे थोडा फरक चालतो. हजारो एमबींचा फरक आला तर काहीतरी राहिलंय. शेवटी प्रत्येक मोठ्या फोल्डरातल्या चार-पाच फाइली उघडून बघा, त्यातही सगळ्यात जुन्या.

मशीन आणि जोडणी

घरातला स्क्रीन, कीबोर्ड, माउस चांगला असेल तर मॅक मिनी पुरतो. एम ४ चिपचा मिनी नोव्हेंबर २०२४मध्ये आला तेव्हा भारतात त्याची किंमत ५९,९०० रुपयांपासून सुरू होती. त्यात १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण. रॅम नंतर वाढवता येत नाही. साठवण बाहेरच्या एसएसडीने वाढते, म्हणून फोटो-व्हिडिओ बाहेर ठेवायची तयारी असेल तर २५६ पुरतात. जुन्या मशीनवर किती जागा भरली आहे ते बघूनच ठरवा.

या मिनीला जुनं चौकोनी यूएसबीचं भोक एकही नाही, सगळी यूएसबी-सी. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, टोकन, पेन ड्राइव्ह यांच्यासाठी एक चांगला हब मिनीसोबतच घ्या, नाहीतर घरी आणल्या दिवशी कीबोर्डही जोडता येणार नाही. चालू करायचं बटण मिनीच्या पोटाखाली, एका कोपऱ्यात आहे. मिनी भिंतीला किंवा कपाटाला घट्ट चिकटवून ठेवू नका.

स्क्रीनला फक्त जुनं निळं व्हीजीए असेल तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा अॅडॅप्टर लागतो. खरं म्हणजे स्क्रीनच बदललेला बरा. मॅकओएसच्या २०१८च्या मोहावी आवृत्तीपासून मॅक अक्षरांच्या कडा वेगळ्या पद्धतीने काढतो, आणि साध्या फुल एचडी स्क्रीनवर ती धूसर दिसतात. इंग्रजीत हे खपून जातं. देवनागरीत मात्र ‘ट्ठ’, ‘द्ध’, रुकार, अनुस्वार अशा बारीक रेषा असतात आणि तासाभरात डोळे दुखायला लागतात. रोज मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याने २७ इंची ४के स्क्रीनला पैसे ठेवावेत, हवं तर मिनीची साठवण कमी घेऊन.

लाइट जाते तेव्हा मिनी आणि स्क्रीन सांभाळायला घरगुती वापराचा ६०० व्हीएचा यूपीएस बास. मिनी वीज फार कमी खातो. त्याच यूपीएसवर राउटरही घ्या.

पहिल्या दिवशीच्या चार गोष्टी

मॅक चालू करताना आयक्लाउडमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ठेवायचे का, असं विचारलं जातं. सुरुवातीला नको म्हणा. आयक्लाउडची फुकट जागा ५ जीबीच आहे. तुमच्या २०० जीबी फाइली तिथे चढायला निघाल्या तर काय कुठे आहे याचा गोंधळच होईल.

विंडोजचा कीबोर्ड जोडला की विंडोजची की ‘कमांड’ होते आणि ऑल्ट ‘ऑप्शन’. मॅकच्या कीबोर्डवर स्पेसबारला लागून कमांड असते. म्हणून सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, मॉडिफायर कीज इथे जाऊन या दोघींची अदलाबदल करा. कॉपी आता कंट्रोल नव्हे, कमांड आणि सी, अंगठ्याने. आठवडाभर बोटं चुकतील. कंट्रोललाच कमांड बनवायचा मोह टाळा, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही मॅकवर बसलात की अडाल.

मराठीसाठी कीबोर्डमध्येच इनपुट सोर्सेस उघडून अधिकचं चिन्ह दाबा आणि देवनागरी निवडा. ‘देवनागरी’ म्हणजे इन्स्क्रिप्ट, ‘देवनागरी क्वर्टी’ म्हणजे उच्चाराप्रमाणे. कंट्रोल आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. ती कॉपी उतरवायच्या आधीच समजून घ्या. विंडोजमध्ये ‘फोटो’ नावाच्या फोल्डरावर दुसरा ‘फोटो’ फोल्डर टाकला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. मॅकवर ‘रिप्लेस’ दाबलं तर आधीचा फोल्डर आतल्या सगळ्या फाइलींसकट जातो आणि नवा त्याच्या जागी बसतो. डेस्कटॉपवरचे २०१९चे फोटो टाकून झाले, मग डी ड्राइव्हवरचा ‘फोटो’ फोल्डर आणला आणि सवयीने रिप्लेस दाबलं, की २०१९ गेलं. मॅकवर ‘जुना पीसी’ नावाचा फोल्डर करा, त्यात ‘सी’, ‘डी’, ‘ई’ असे वेगळे फोल्डर ठेवा आणि सगळं तिथे उतरवा. लावालावी नंतर, सावकाश. तोवर बाहेरच्या डिस्कवरची प्रत पुसू नका.

बाकीच्या सवयी चार दिवसांत लागतात. लाल बटणाने खिडकी बंद होते, सॉफ्टवेअर चालूच राहतं. पुरतं बंद करायला कमांड आणि क्यू. फाइल हलवायची तर कमांड-सी आणि मग कमांड-ऑप्शन-व्ही. फाइलवर एंटर दाबलं तर ती उघडत नाही, नाव बदलायला घेते. उघडायला कमांड-ओ.

मेल पीओपीवर (मेल उतरवून कॉम्प्युटरवरच ठेवणाऱ्या पद्धतीवर) असेल तर जुने मेल फक्त जुन्या मशीनवर आहेत. तिथेच तेच खातं आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीवर) जोडा आणि मेल सर्व्हरवर ओढून टाका, मग मॅकवर ते आपोआप दिसतील. व्हॉट्सअॅप मोबाइलवरून क्यूआर कोडने पुन्हा जोडायचं. प्रिंटर एअरप्रिंटचा असेल तर ड्रायव्हरशिवाय चालतो. जुन्या यूएसबी लेझर प्रिंटरपैकी काहींचं सगळं काम विंडोजचा ड्रायव्हर करतो. त्यांना मॅकचा ड्रायव्हर मिळतो का, हे कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून खरेदीआधी बघा.

बॅकअप, आणि पुराचे दिवस

मॅकच्या टाइम मशीन या बॅकअपच्या सोयीसाठी वेगळी डिस्क घ्या, मॅकच्या साठवणीच्या दुप्पट तरी. कॉपीची एक्सफॅट डिस्क यासाठी वापरू नका. टाइम मशीन डिस्क स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतं, आणि नको तिथे ‘हो’ म्हटलंत तर तुमची एकुलती एक प्रत पुसली जाईल.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. सुतारवाडा, दुधाळी किंवा शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीकडे राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ सांगायला नको. घर सोडताना मशीन उचलायला वेळ मिळेलच असं नाही. टाइम मशीनची डिस्क प्लॅस्टिकच्या डब्यात घालून घराच्या कागदपत्रांच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे पिशवीबरोबर तीही जाईल. फोटो आणि महत्त्वाच्या कागदांची आणखी एक प्रत उंचावरच्या भागात राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्या आणि जूनच्या आधी दर वर्षी ताजी करा.

जुना पीसी कधी काढायचा

घाई नको. धंद्यासाठी वापरत असाल तर निदान एक जीएसटी फेरी मॅकवरून पार पडू द्या, म्हणजे महिन्याच्या ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी. घरगुती वापर असेल तर दोन महिने. या काळात तो विंडोज १०वर इंटरनेटला जोडून ठेवायचाच असेल, तर वाढीव सुरक्षा-अपडेटची सोय घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे, ती चालू करून घ्या. नसेल तर नेटची वायर काढा. नुसती टॅली बघायला नेट लागत नाही.

दोन महिने तो पीसी कशासाठी चालू करावा लागला, ते वहीत लिहीत जा. एकही नोंद झाली नाही तर मोकळे झालात. लायसन्स असलेली सॉफ्टवेअर आधी तिथून डिअॅक्टिव्हेट करा, मायक्रोसॉफ्ट आणि क्रोमच्या खात्यांतून बाहेर पडा, मग ‘रिसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि त्यातला ‘क्लीन डेटा’चा पर्याय चालू. मोठ्या हार्ड डिस्कला यात बरेच तास लागतात, यूपीएसवर रात्रभर ठेवा. नुसतं डिलीट करून किंवा झटपट फॉरमॅट मारून मशीन विकलं तर फोटो, आधारच्या प्रती आणि बँकेची स्टेटमेंट परत काढता येतात. पीसी चालूच होत नसेल तर तो भंगारात देण्याआधी चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घ्या. साडेतीन इंची डिस्कला बाहेरून वीज देणारा डॉक लागतो, लॅपटॉपची अडीच इंची डिस्क सॅटा-यूएसबी केबलवर, वेगळ्या विजेशिवाय चालते. त्यातलं सगळं मॅकवर उतरलं असेल तर डिस्क घरीच ठेवा, वर मशीनचं नाव आणि साल लिहून.